चढणीला सायकल कमी पडते तेव्हा: गोव्यातल्या रस्त्यांसाठी गिअर कसा निवडायचा

सकाळचे साडेसहा, फर्मागुडीची चढण, आणि मी माझी नवी कोरी रोड बाइक हाताने ढकलत वर चाललोय. शेजारून पदेर (पाववाला), तोही चालतच, मागे पावांची टोपली, हँडलला भोंपू. त्याने माझ्या सायकलकडे बघितलं, मागच्या चकचकीत चक्र्या बघितल्या आणि विचारलं, गिअर किती? मी म्हटलं सोळा. "सोळा असून चालत?" एवढंच म्हणाला आणि पों पों करत आतल्या वाड्यावर वळला.

घरी येऊन दाते मोजले तेव्हा कळलं की बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. सोळातले चौदा गिअर दोनापावलाच्या सपाट रस्त्यासाठी होते, उरलेले दोन त्यातल्या त्यात हलके, आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्या, ऑफिसात बसून वजन वाढवलेल्या माणसाला लागणारा गिअर त्या सायकलवर नव्हताच. दुकानात मला ब्रेक दाखवले, फ्रेम उचलून दाखवली, किती स्पीड ते सांगितलं. पण सगळ्यात हलका गिअर केवढा आहे हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. ऑक्टोबर २०१९ ला मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं-सायकल-धावण्याची शर्यत झाली, त्यानंतर माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी अशाच सायकली घेतल्या आणि त्यातले बरेचजण अजून चढण आली की विषय बदलतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

आधी दाते मोजा

सायकल उलटी करा किंवा भिंतीला टेकवा. पुढे पायडलजवळ ज्या चक्र्या असतात त्या चेनरिंग, मागच्या चाकावरचा गठ्ठा म्हणजे कॅसेट किंवा फ्रीव्हील (या दोघांतला फरक पुढे येईल, तो महत्त्वाचा आहे). पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी, या दोनच चक्र्यांचे दाते आपल्याला हवेत. बहुतेक वेळा आकडा चक्रीवरच कोरलेला असतो, नसला तर खडूने एका दात्यावर खूण करून मोजा.

मग पुढचे दाते भागिले मागचे दाते. माझ्या सायकलला पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते २८, म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४ भागिले २८, १.२१. याचा अर्थ पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की मागचं चाक १.२१ वेळा फिरतं. आता ७०० बाय २८ च्या टायरचा घेर साधारण २.१४ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते. हा आकडा जितका लहान तितका गिअर हलका.

गंमत बघा. माझ्या भाच्याची कॉलेजात घेतलेली जड एमटीबी (माउंटन बाइक), २६ इंची चाकं, पुढे तीन चक्र्या ४२/३४/२४, मागे १४ ते २८. तिचा सगळ्यात हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६, आणि चाकाचा घेर लहान, २.०५ मीटरच्या आसपास, त्यामुळे एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. माझ्या दुप्पट किमतीच्या सायकलपेक्षा तिचा गिअर एक तृतीयांश हलका! वजन चार-पाच किलो जास्त असूनही चढणीला ती जिंकते, कारण तिच्यावर पाय फिरतो.

चाकाचा घेर विसरू नका हं. सारखेच दाते २९ इंची एमटीबीवर लावले तर घेर २.२९ च्या आसपास जातो आणि तोच गिअर २६ इंचीपेक्षा दहा-बारा टक्के जड होतो. लोक नुसते दाते सांगतात आणि मग गोंधळ होतो.

मग स्वतःचे फेरे मोजा

पूर्ण लेखात एवढं एकच केलंत तरी चालेल. कुणी सांगेल मागची मोठी चक्री ३२ घे, कुणी सांगेल ३४ घे, कुणी म्हणेल मी तर २८ वर चोर्ला घाट चढतो. चढत असेल! त्याचे पाय वेगळे, वजन वेगळं. आपला आकडा आपणच काढायचा.

तुमच्या रोजच्या वाटेवरची अशी चढण निवडा जिथे निदान पाच मिनिटं सलग चढावं लागतं. आल्तिनो तीव्र आहे पण दोन-तीन मिनिटांत संपतं, तेवढ्याला दम कोंडूनही जाता येतं, त्यामुळे ते खोटं बोलतं. बांबोळीच्या चढणीला हायवेचं ट्रॅफिक, तिथे मोजण्याच्या नादात राहू नका. फोंड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना फर्मागुडी आहे, सासष्टी-केप्याच्या लोकांना पारोड्याचा चंद्रेश्वर आहे, तो जरा कडक आहे पण निकाल एकदम स्पष्ट देतो.

सगळ्यात हलक्या गिअरवर, सीटवर बसून, तासभर टिकेल अशा दमाने चढा, म्हणजे तुटक का होईना पण बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उजवा गुडघा ३० सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि दुप्पट करा. हे तुमचे मिनिटाचे फेरे, ज्याला केडन्स म्हणतात. सेन्सर असला तर उत्तम, नसला तर गुडघा काय कुठे पळून जात नाही.

माझे आले ३० सेकंदांत २२, म्हणजे मिनिटाला ४४. चढणीला आरामात बसून ६० ते ७५ फेरे पडायला हवेत असं धरून चला. ५० च्या खाली गेलं की प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो, मांड्या लवकर भरतात आणि गुडघ्याची वाटी दुखायला लागते. माझी लागली होती, उजवी.

आता सूत्र, एका ओळीचं: हवा असलेला गिअर = आत्ताचा गिअर × आत्ताचे फेरे ÷ हवे असलेले फेरे.

माझं: १.२१ गुणिले ४४ भागिले ६५, उत्तर ०.८२. म्हणजे पुढे ३० असेल तर मागे ३६ लागतील, पुढे ३४ असेल तर मागे ४१. बस्स. मला हा आकडा सायकल घेण्याआधी माहीत असता तर ती सायकल मी घेतलीच नसती, निदान त्या क्रँकसकट (पायडलचा दांडा आणि पुढच्या चक्र्या) नसती घेतली.

एक सांगायचं राहिलं, हे सूत्र धरून चालतं की तुमचा वेग तोच राहणार. पण हलका गिअर मिळाला की माणूस थोडा आरामात चढायला लागतो, वेग कमी होतो आणि फेरे पुन्हा खाली येतात. म्हणून उत्तरापेक्षा अजून थोडं हलकंच घ्या. उपयोगी न पडलेला हलका गिअर कुणाचं काही बिघडवत नाही, नसलेला हलका गिअर मात्र चालायला लावतो.

कुठली चढण काय मागते

ज्यांना अजून न चढलेल्या घाटाची तयारी करायचीय त्यांच्यासाठी थोडं गणित, कंटाळा आला तर पुढे जा.

चढणीला वेग कमी असल्याने वाऱ्याचा विरोध जवळजवळ नसतो, जवळपास सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. त्यामुळे तुमची ताकद साध्या हिशोबात निघते: सायकल, पाणी, बॅग धरून एकूण वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले किती मीटर उंच चढलात, भागिले किती सेकंद लागले. उत्तर वॅटमध्ये, त्यात दहावा हिस्सा वरून मिळवा, टायर आणि चेनमध्ये जातो तो. माझं एकूण वजन सायकलसकट ८५ किलो, ६० मीटरची चढण सहा मिनिटांत, म्हणजे १३९ वॅट, वरचा दहावा हिस्सा धरून दीडशेच्या आसपास. रोज व्यायाम न करणाऱ्या पण आठवड्याला दोनदा सायकल काढणाऱ्या माणसाला हे बरंच म्हणायचं.

या ८५ किलो आणि १५० वॅटवर ५ टक्क्यांच्या चढणीला ताशी साडेदहा किलोमीटर निघतात, ६५ फेरे ठेवायला १.२६ चा गिअर पुरतो, म्हणजे ३४/२७ (पुढे ३४, मागे २७). ८ टक्क्यांना वेग सातवर येतो आणि गिअर लागतो ०.८५. आणि १२ टक्क्यांना वेग पाच, चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त, गिअर लागतो ०.६, जो कुठल्याही रोड बाइकवर दुकानातून लागून येत नाही, तो एमटीबीचा प्रांत. टक्के म्हणजे काय तर १०० मीटर आडवं गेल्यावर किती मीटर वर गेलात.

आता गोव्याकडे या. लोकांना चोर्ला घाटाची भीती वाटते कारण तो लांब आहे, साखळीकडून केरी, अंजुणे धरण मागे टाकून वर गेलं की समुद्रसपाटीच्या जवळून साधारण ८०० मीटर उंचीपर्यंत जायचं. पण मोठे घाटरस्ते ट्रकसाठी आखलेले असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के, अपवाद म्हणून ७, फारच तीव्र भागात ८ पर्यंत. प्रत्येक जुना घाट या मापात बसतोच असं नाही, वळणांवर आतल्या बाजूने गेलात तर क्षणभर भिंत येते (म्हणून मागेपुढे वाहन नसेल तेव्हा डाव्या वळणाला जरा बाहेरून घ्या), पण एकूण स्वभाव तोच. अनमोडही तसाच, मोल्याहून वर, फक्त तिथे ट्रक पाठीशी लागतात आणि बाजूला व्हायला जागा कमी.

खरा कस लागतो तो गावातल्या रस्त्यांना. देवळाकडे जाणारा रस्ता, वाड्यावर जाणारा काँक्रीटचा पट्टा, आल्तिनोच्या गल्ल्या, चंद्रेश्वर. हे कुणी ट्रकसाठी आखलेले नाहीत, डोंगर जसा आहे तसा रस्ता. चंद्रेश्वराचा डोंगर साधारण ३५० मीटरचा, चोर्ल्याच्या निम्माही नाही, पण मला चोर्ल्याला जो गिअर पुरतो तो तिथे पुरत नाही. म्हणून गिअर ठरवताना तुमच्या वाटेवरची सगळ्यात लांब चढण आणि सगळ्यात तीव्र चढण या दोन्ही बघा, आणि दोन्हीत हट्ट करायचा तर तीव्र चढणीचा करा.

आणि आपला घाम. सात-आठच्या वेगाला अंगावर वारा लागत नाही, ऑक्टोबरात दहा वाजता दमट हवेत चढताना घाम वाळतच नाही, त्यामुळे जी ताकद सहा वाजता निघते ती दहाला निघत नाही. गिअरचा हिशोब थंड सकाळी केला असेल तर त्यातूनही थोडी सूट द्या.

आता तो गिअर आणायचा कुठून

हे तुमच्याकडे कुठली सायकल आहे त्यावर आहे.

बिनगिअरची साधी काळी सायकल असेल तर बहुतेकवेळा पुढे ४४ मागे १८. एकाच फेऱ्यात सव्वापाच-साडेपाच मीटर, चढणीला अशक्यच. पण मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं की जोर जवळपास अठरा टक्के कमी लागतो, खर्च फारसा नाही, चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात. सपाटीला वेग तेवढाच कमी होतो, पण बाजारात जायला वीसचा वेग पुरे की. घाट चढवत नाही ही, पण पर्वरीच्या आतल्या चढणी तरी बसून जाता येतात.

सात गिअरची एमटीबी किंवा हायब्रिड असेल तर मागे बहुधा स्क्रूसारखं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. सरकतं बसवून वर रिंगने आवळलेली असते ती कॅसेट. दोघांची हत्यारं वेगळी, एकाच्या जागी दुसरं बसत नाही, त्यामुळे पार्ट घेण्याआधी मागचं चाक काढून बघा किंवा फोटो घेऊन जा. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये १४ ते ३४ चं मेगारेंज मिळतं, त्यात शेवटची उडी थेट २४ वरून ३४ वर आहे, जिना चढताना अचानक एक पायरी गायब असावी तशी, पण पुढे २४ असेल तर ०.७१ चा गिअर मिळतो आणि मग चंद्रेश्वरसुद्धा बसून होतो. पुढे तीन चक्र्या ४८/३८/२८ वाली हायब्रिड असेल आणि मागे ३२ किंवा ३४, तर तुम्ही आधीच माझ्यापेक्षा सुखी आहात, काही बदलू नका, फक्त ती लहान चक्री वापरा! कितीतरी लोक तिला हातच लावत नाहीत कारण ती म्हणे 'आजीबाईचा गिअर'. अरे तो आहे म्हणून वापरायचा ना. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) बंदी होती, त्याआधी चढण आली की मोठमोठे रेसर खाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूची मोठी चक्री मिळावी म्हणून. त्यांना लाज वाटली नाही तर आपल्याला का.

रोड बाइकवाल्यांनो, आपलं दुखणं मोठं, त्यामुळे इथे जरा बसून बोलू.

पुढे ५३/३९ असेल आणि मागे २५, तर तुमची सायकल रेसरसाठी बनलीय, १.५६ चा गिअर, तीन मीटरच्या वर एका फेऱ्याला. अशा क्रँकचे बोल्ट बहुधा १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, त्याला ३८ पेक्षा लहान चक्री बसतच नाही, म्हणजे नुसती चक्री बदलून भागणार नाही, पूर्ण क्रँक बदलावा लागेल. ११० च्या वर्तुळाला ३४ पर्यंत जाता येतं, त्यालाच कॉम्पॅक्ट म्हणतात.

५०/३४ कॉम्पॅक्ट असेल तर पहिली आणि सगळ्यात स्वस्त पायरी म्हणजे मागची कॅसेट ११–३४. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळ्या स्पीडमध्ये (म्हणजे मागे जितक्या चक्र्या तितके स्पीड) मिळते. ३४/३४ म्हणजे बरोबर १, माझ्या ४४ फेऱ्यांचे यात ५३ झाले. आकडा लहान वाटतो पण पायाला फरक लगेच कळतो.

फक्त कॅसेट विकत घ्यायच्या आधी मागचा डिरेलर बघा. त्याचा जो पिंजरा खाली लोंबतो तो आखूड असेल तर ३४ त्याला झेपत नाही, डिरेलरची वरची छोटी चक्री कॅसेटला घासते. शिमानो कंपनीच्या १०५ या गिअरसेटच्या आर७००० मॉडेलमध्ये आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० पर्यंतच, लांबाचा ३४ पर्यंत. दिसायला जवळजवळ सारखे, मागे कोरलेलं असतं, एसएस म्हणजे आखूड, जीएस म्हणजे लांब.

दुसरा आकडा असतो कपॅसिटीचा, म्हणजे डिरेलर किती ढिली चेन गोळा करू शकतो. पुढच्या मोठ्या-लहानातला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानातला फरक. ५०/३४ आणि ११–३४ ला १६ अधिक २३, एकूण ३९. डिरेलरच्या पत्रकात ३९ किंवा जास्त असेल तर निर्धास्त. माझ्यावेळी दुकानातल्या माणसाने आखूड डिरेलरवरच ३४ ची कॅसेट बसवून दिली, स्टँडवर फिरवून दाखवली, छान फिरली. दुसऱ्या दिवशी फर्मागुडीवर चेन लहान-लहानवर (पुढची लहान, मागचीही लहान) गेली आणि साडीच्या निऱ्यांसारखी लोंबायला लागली, मग मोठी-मोठीवर गेली तेव्हा डिरेलर इतका ताणला की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकला. दुकान बदललं आणि हिशोब स्वतः करायला शिकलो.

कॅसेट बदलली की चेनची लांबी नव्याने मोजायची, यात आळस नको. चेन डिरेलरमधून न घेता थेट पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रीवर गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्यावर एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्त ठेवा, बाकीची तोडा. जुनी चेन आखूड पडणारच, नवीनच घ्या, तसंही जुनी चेन नव्या कॅसेटवर नाचते. मग डिरेलरच्या मागचा बी-स्क्रू थोडा आत फिरवून वरची छोटी चक्री आणि मोठी चक्री यांच्यात पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा.

१ चा गिअर पुरत नसेल तर? शिमानोचा नऊ स्पीडचा सोरा गिअरसेट असलेल्यांना एक जुनी युक्ती आहे. शिमानोच्या नऊ स्पीडमध्ये रोड बाइकचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) आणि एमटीबीचा मागचा डिरेलर यांचं केबल ओढण्याचं माप सारखंच, त्यामुळे अलिविओसारखा नऊ स्पीड एमटीबी डिरेलर लावून ११–३६ कॅसेट चालते. आठ स्पीडचंही माप तेच. दहा स्पीडच्या एमटीबी डिरेलरचं माप वेगळं, तो आणून बसवू नका, गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत. हँगर एक्स्टेंडर म्हणून छोटी पट्टीही मिळते, डिरेलर खाली सरकवते, मोठी चक्री बसते, पण कपॅसिटी वाढत नाही, हे विकणारा सांगत नाही.

मला शेवटी पटलेला उपाय पुढच्या चक्र्यांचा होता, ४६/३० चा क्रँक. ३०/३४ म्हणजे ०.८८, माझे फेरे ६० झाले. १६ दात्यांचा फरक तोच असल्याने कपॅसिटीही तीच राहते, मागे काहीच हलवायला लागत नाही. पुढचा डिरेलर मात्र खाली सरकवून नव्याने बसवावा लागतो आणि तो खाली सरकायला जागा आहे ना हे आधी बघा. शिमानो जीआरएक्सचा ४६/३० क्रँक घेणार असाल तर त्याच्या चक्र्या नेहमीच्या रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतात, त्याला जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर लागतो. बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधला क्रँक ज्यावर फिरतो तो भाग) जुळतो का हेही बघा, चौकोनी दांड्याच्या सायकलला दुसऱ्या पद्धतीचा क्रँक आणाल तर खर्च दुप्पट.

नवीन सायकल घेत असाल तर हे सगळं टाळता येतं. दुकानात जाऊन एकच विचारा, पुढची लहान किती आणि मागची मोठी किती. भागाकार १ च्या वर असेल तर आत्ताच बदलून मागा, पैसे देण्याआधी दुकानदार जितका ऐकतो तितका नंतर नाही. ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांवरही चालणारी) बघत असाल तर ३०/३४ किंवा त्याहून हलकं सहज मिळतं. पुढे एकच चक्री असलेल्या नव्या एमटीबीला ३२/५० सुद्धा येतं, ०.६४, आणि पुढचा डिरेलरच नसल्याने चेन पडायचं झंझट कमी.

यात गमावतो काय

फार काही नाही. ५०/११ ला ९० फेऱ्यांवर ताशी ५२ जातात, ४६/११ ला ४८. चोर्ला उतरताना ४८ च्या वर पायडल मारणाऱ्याला माझा नमस्कार, मी तर तिथे दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून असतो. दुसरं, मोठ्या कॅसेटमध्ये दोन चक्र्यांमधली उडी मोठी होते, सपाटीला ग्रुपबरोबर जाताना कधी कधी एक जड आणि एक हलका, मधला हवाच तो नाही, असं वाटतं. आठ स्पीडला जास्त वाटतं, अकराला जवळपास नाही. मला चालतं. तुम्ही टाइम ट्रायल करत असाल तर दोन कॅसेट ठेवा.

चढताना

हलका गिअर असून लोक चढणीच्या मध्येच, पाय जड झाल्यावर, पूर्ण जोर लावत पुढची चक्री बदलायला जातात आणि कड् असा आवाज येऊन चेन पडते. पुढची लहान चक्री चढणीच्या पायथ्याशीच घ्यायची, एक क्षण पायाचा जोर सोडून. त्याआधी मागे दोन चक्र्या जड करून ठेवा, म्हणजे पाय एकदम हवेत फिरणार नाहीत. मग वर जाताना फक्त मागचे बदलायचे, आणि सगळ्यात शेवटचा पहिल्याच वळणाला संपवू नका. मध्ये मध्ये उभं राहून चढायचं असेल तर उभं राहण्याआधी एक गिअर जड घ्या. बाकी सवयीने येतं.

चेन साफ ठेवा. आपल्याकडे तांबडी माती आणि किनाऱ्याची खारी हवा मिळून चेनचा सॅंडपेपर करतात, पावसाळ्यात तर दोन राइडमध्ये गंज. पुसून, वाळवून, थेंब थेंब तेल घालून, वरचं पुन्हा पुसून घ्यायचं. चेन ०.७५ टक्के ताणली गेली की बदला, नाहीतर ती नवी कॅसेटही खाऊन टाकते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

नवे पार्ट बसवल्यावर पहिल्याच रविवारी चोर्ला गाठू नका. नवी केबल पहिल्या काही राइडमध्ये थोडी ताणते, गिअर जागा सोडतात. आधी ज्या चढणीवर फेरे मोजले होते तीच पुन्हा चढा, तेवढ्याच दमाने, पुन्हा ३० सेकंद मोजा. डिरेलर मोठ्या चक्रीवर असताना आतल्या बाजूने स्पोकना लागत नाही ना हे उतरून डोळ्याने बघा, लो स्क्रू (डिरेलरला आत जास्त जाऊ न देणारा) चुकला तर डिरेलर थेट चाकात जातो. केबल सैल झाली असेल तर डिरेलरवरची गोल बॅरल अर्धा फेरा बाहेर फिरवा. आणि खिशात तुमच्याच सायकलचा एक जास्तीचा हँगर ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि केरीपुढे कुठल्याच गाड्यावर मिळत नाही, भजी-पाव तेवढा मिळतो.